आर्टला लागलेल्यांसाठी प्राथमिक सूचना

कॉलेज सुरू होण्याआधी एका प्रश्नाची तयारी करावी. तो विद्यापीठाच्या कुठल्याच पेपरात येत नाही, पण लातूर-नांदेडकडच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत येतो. शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, "काय करायलास रे सध्या?" आपण म्हणतो, "बी.ए." त्यावर पाहुणे जे "बरं" म्हणतात त्याचा सूर दहाव्याला गेल्यावर लागतो तसला असतो. पाहुणे वाईट नाहीत. त्यांचा मुलगा लातूरच्या ट्यूशन एरियात नीट रिपीट करत असतो आणि त्यांच्या हिशेबात पोरं दोनच प्रकारची : स्कोअर आलेली आणि स्कोअर यायचा राहिलेली. अशा वेळी राज्यशास्त्र, लोकप्रशासन असले शब्द एकदम काढू नयेत. "बी.ए. करत करत स्पर्धा परीक्षेचं बघायलोय," एवढं म्हणावं. पाहुणे सुटतात, आपण सुटतो, वाढप्या बुंदी घेऊन पुढं सरकतो.

पाहुणे फारच पेटले तर एक माहिती जवळ असू द्यावी. ज्या लातूर पॅटर्नच्या भरवशावर ते मुलाच्या रूमचे, मेसचे आणि क्लासचे पैसे भरतात, तो घडवणाऱ्यांतलं मोठं नाव राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं. कॉलेज 1970 चं. वाघमारे सर ना फिजिक्सचे ना बायोलॉजीचे. ते इंग्रजी साहित्याचे, अमेरिकेतल्या काळ्या लेखकांवर मराठीत पुस्तक लिहिणारे. म्हणजे बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं ओळीनं झळकायला लागली ती एका आर्टवाल्याच्या हाताखाली. पुढं 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. ही माहिती जेवणं आटोपल्यावर, हात धुताना सांगावी. आधी सांगितली तर वाद लागतो आणि मठ्ठा गरम होतो.

आता कॉलेजकडं वळू. नांदेड किंवा लातूर शहरातल्या मोठ्या कॉलेजांबद्दल इथं काही सांगायचं नाही, त्यांचं त्यांना पुरेसं कळतं. ही मार्गदर्शिका मुखेड, कंधार, बिलोली, देवणी, जळकोट, चाकूर अशा बाजूच्या कॉलेजांसाठी. गेटावर संस्थापकांच्या नावाची कमान, मागं सोयाबीनचं रान, आणि कॉलेजचं पूर्ण नाव एवढं लांब की एसटीच्या पासवर ते अर्धंच येतं.

कागदपत्रं

टीसी, बारावीचा मेमो, आधार, जातीचा दाखला, असेल तर व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. चौथी मागतीलच, पण ती सुरुवातीलाच काढली तर पाचवी मागतात. कार्यालयातल्या क्लार्कलाही सर म्हणावं आणि शिपायाला मामा. प्राचार्यांची सही कुठल्या वेळेला होते हे प्राचार्यांना माहीत नसतं, मामांना असतं.

स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा. पोर्टल दिवसा झोपतं आणि रात्री जागतं, म्हणून मल्टिसर्व्हिसेसवाल्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी. तीन वर्षांत तुमचा पासवर्ड तुमच्यापेक्षा त्याच्याच लक्षात राहतो.

गाडी

तासांचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलेलं असतं. ते वाचायला हरकत नाही. खरं वेळापत्रक मात्र बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत असतं. गावात रात्री मुक्कामाला आलेली गाडी पहाटे तालुक्याला निघते. ती चुकली तर दुसरी दहाला, आणि तिला कधी कधी टायर नसतं. परतीची दीडला. म्हणून आपल्याकडच्या कॉलेजात ज्ञानदान सकाळी होतं आणि एक वाजून दहा मिनिटांनी संपतं. त्या सुमारास वर्गात एक हालचाल सुरू होते, पिशव्यांच्या चेन ओढल्याचे आवाज येतात, आणि फ्रेंच राज्यक्रांती चालू असली तर बॅस्टिल पडायच्या आधीच थांबते. अनुभवी सरांनी या गोष्टीवर रागावणं सोडून दिलेलं असतं. ते महत्त्वाचा मुद्दा साडेबाराच्या आत सांगून टाकतात.

पासाचा हिशेब असा. विद्यार्थ्याला भाड्यात 66.67 टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवींच्या नावाच्या योजनेत पास फुकट असतो. तो बारावीला संपतो. मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, पण रोज ये-जा करणारीनं त्यावर जाऊ नये, अर्ध्यापेक्षा तिसरा हिस्सा स्वस्तच. हे गणित बी.ए.च्या अभ्यासक्रमात नाही, तरी पहिल्या महिन्यात सगळ्यांना जमतं.

गाडीत कुठं बसायचं हेही शिकावं लागतं. पुढची सीट शिक्षकांची, मधली मुलींची, मागची तिसऱ्या वर्षाची. नवख्यानं दांड्याला धरून उभं राहावं. मागच्या सीटवर बसणारे टवाळ दिसतात, पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तेच खऱ्या अर्थानं शिकवतात. कुठल्या युनिटवर कितीदा प्रश्न आला, कोणत्या सरांना अंडरलाइन आवडते, हे सगळं खड्ड्यांच्या तालावर सांगितलं जातं. माझ्या मते अख्ख्या पदवीचा चौथा हिस्सा तरी गाडीतच होतो. त्याचे श्रेयांक अजून कुणी धरत नाही, एवढंच.

विषय

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, मूल्यांचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली अशी सगळी बास्केटं आहेत आणि तीन वर्षांत 132 श्रेयांक भरायचे आहेत. धोरणाची भाषा फार उदार आहे. विद्यार्थी म्हणाला की मला इतिहासासोबत संख्याशास्त्र शिकायचंय, तर धोरण आडवं येत नाही. कॉलेजात संख्याशास्त्राचा माणूस नाही, हे आडवं येतं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला असावा अशी अपेक्षा आहे. ज्या कॉलेजात दुसरी विद्याशाखाच नाही तिथं काय करायचं, हा प्रश्न नवख्यानं प्रवेश समितीसमोर काढू नये. समितीही त्याच्यावरच विचार करत बसलेली असते.

त्यामुळं विषय निवडायची जुनीच पद्धत चालू ठेवावी : मोठ्या भावानं किंवा बहिणीनं जे घेतलं होतं ते घ्यावं, म्हणजे वह्या तयार मिळतात. भूगोलाला प्रॅक्टिकल असतं आणि प्रॅक्टिकलचे मार्क हातचे असतात, म्हणून भूगोलवाल्यांची कॉलर जरा ताठ असते. नकाशे रंगवताना ते स्वतःला सायन्सचे समजतात. समजू द्यावं.

सर

सरांचे दोन वर्ग. एक कायमचे, दुसरे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, तेही मे महिन्यात कुठं तरी. तासिकेवरचे सर मोटारसायकलवर येतात, हेल्मेट टेबलावर ठेवतात, आणि एक डोळा घड्याळावर ठेवून शिकवतात, कारण साडेअकराला त्यांचा दुसऱ्या तालुक्यात तास असतो. पुष्कळदा ते नेट-सेट झालेले असतात, पीएच.डी. असते, आणि अख्ख्या स्टाफरूममध्ये या वर्षी निघालेलं पुस्तक वाचलेला माणूस तेच असतात. नवख्यानं यांना वर्गात नाही, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गाठावं. काय वाचू म्हणून विचारावं. त्यांना हा प्रश्न बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेला नसतो, त्यामुळं चहाचे पैसेही तेच देतात. नको म्हणावं. ते ऐकणार नाहीत. तरी म्हणावं.

हजेरी

पंच्याहत्तर टक्के सक्तीची. हजेरीचं पंचांग मात्र वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरलेला असतो. सप्टेंबर सरत आला की सोयाबीन काढणीला येतं आणि वर्ग रिकामा होतो. मजूर मिळत नाही, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो, वरून परतीच्या पावसाचं भय. अशा वेळी सर्वपल्ली राधाकृष्णन स्वतः शिकवायला आले तरी दोनच जण बसतील, आणि त्यातल्या एकाकडं शेत नसेल. मग दिवाळी. मग तूर. मग मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, जिथं घोडे, गाढवं, कुस्त्या आणि लावणी एकाच माळावर असल्यावर सत्र परीक्षेचा टाइमटेबल आड आला तर लोक विद्यापीठालाच दोष देतात. मार्चपासून लग्नसराई. या सगळ्यात 75 टक्के कसे बसतात हे ज्या क्लार्कला माहीत आहे, त्याला गणित विभागात घ्यायला हवं होतं.

यावर शहरातली माणसं नाक मुरडतात. मला मात्र यात कॉलेजचं हसं दिसत नाही. मुलगा सोयाबीनच्या पैशातच तर शिकतोय. तो काढणीला गेला नाही तर दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरणार कशातून?

कॅन्टीन

नाही.

जयंत्या

हा खरा आठवा पेपर. पुण्यतिथ्या, दिन, पंधरवडे आणि सप्ताह धरून महिन्यात चार-पाच कार्यक्रम सहज होतात. क्रम ठरलेला : प्रतिमापूजन, भित्तिपत्रकाचं उद्घाटन, प्रास्ताविक, दोन विद्यार्थ्यांची मनोगतं, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार. सगळ्यात मोठा दिवस 17 सप्टेंबर. 1948 मध्ये याच दिवशी निजामाचं राज्य संपलं, आणि 1994 मध्ये नांदेडच्या विद्यापीठाची स्थापनाही याच तारखेला झाली. त्या दिवशी झेंडावंदनाला यायचंच. पावसात भिजलेल्या मैदानावर उभं राहून स्वामी रामानंद तीर्थांचं नाव ऐकायचं. हैदराबादेत निजामाशी लढलेल्या या संन्याशानं आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शाळा चालवली होती, हेही लक्षात ठेवावं. मनोगताला उपयोगी पडतं.

बोलायला शिकायचं असेल तर प्रास्ताविकापासून सुरुवात करू नये. आधी आभार मागून घ्यावेत. आभाराच्या वेळी पाहुणे मोबाइल बघत असतात, पोरं चपला शोधत असतात, सरांना पुढच्या तासाची घाई असते. म्हणजे कुणीही ऐकत नसताना माइकवर दोन मिनिटं मिळतात. पाय लटपटायचे ते तिथं लटपटून घ्यावेत. वर्षभर आभार मानलेली मुलगी दुसऱ्या वर्षी प्रास्ताविक करते, आणि तिसऱ्या वर्षी 'ज्ञानतीर्थ' युवक महोत्सवात वक्तृत्वाला उभी राहते. स्नेहसंमेलनात शेला-पागोटे होतात तेव्हा तिच्या वाट्याला माइकच येतो.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर चुकवू नये. दत्तक गावात शोषखड्डे खणायचे, सकाळी प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक. बौद्धिकात डुलकी लागते. पण घरी ताट उचलायची सवय नसलेला मुलगा तिथं पन्नास जणांची भांडी घासतो, आणि एवढ्यासाठी तरी 1969 मध्ये ही योजना काढणाऱ्यांचं भलं होवो.

नॅकची समिती येणार असली की कॉलेज ओळखू येत नाही. झाडांना नावाच्या पाट्या, रॅम्पला रंग, कोपऱ्यात गांडूळखत. कोणी विचारलं तर गांडूळं तीन वर्षांपासून आहेत असं सांगावं.

मैदान आणि अभ्यासिका

पंगतीत पाहुण्यांना सांगितलेलं वाक्य हळूहळू खरं व्हायला लागतं. पहाटे कॉलेजच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं पळतात, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. दुपारी तीच पोरं अभ्यासिकेत असतात. महिना भाड्याची प्लायवूडची खुर्चीभर जागा, वर पंखा, समोर भिंतीला चिकटवलेला भारताचा नकाशा. आशा जरूर धरावी, पण आकडा पाहून. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांची जाहिरात होती आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. या अर्जाला पदवी लागते. एवढ्या लांबच्या रांगेत उभं राहायचं तर रांगेत वाचायला काही तरी हवं, म्हणून पुढचा भाग.

ग्रंथालय

ग्रंथालयात दोन प्रकारची पुस्तकं असतात. काउंटरजवळ गाइडं आणि स्पर्धा परीक्षेची, ती फाटेपर्यंत फिरतात. मागं काचेची कपाटं, त्यांना कुलूप. तिथली पुस्तकं अनुदान आलं त्या वर्षी एकदम घेतलेली असतात, दाखल नोंदवहीत त्यांचे नंबर असतात, आणि आतल्या देय-तारखेच्या कागदावर एकही शिक्का नसतो. नवख्यानं किल्ली मागावी. ग्रंथपाल आधी विचारतील, "कोणत्या सरांनी पाठवलं?" कुणीच नाही म्हटलं तर ते चष्मा काढून बघतील. किल्ली सापडायला दोन दिवस लागू शकतात.

कपाटात नरहर कुरुंदकर असतात. 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', यांपैकी काही तरी नक्की. हा माणूस हिंगोलीकडच्या कुरुंद्याचा, जन्म 1932 चा. त्याच्या लहानपणी मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, आणि तिथं उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं ते 1950 मध्ये, निजामाचं राज्य गेल्यावर दोनच वर्षांनी. कुरुंदकर इंटरला एकदा नाही, अनेकदा नापास झाले. वाचत मात्र राहिले. इतिहास, काव्यशास्त्र, मनुस्मृती, इस्लाम, संगीत, जे हाती लागेल ते. पुढं ते शाळेत शिक्षक झाले, मग प्राध्यापक, आणि शेवटी त्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. 1982 मध्ये वयाच्या पन्नाशीआधीच गेले. तेव्हा गावोगावचे लोक हळहळले ते त्यांच्या मार्कांमुळं नव्हे.

नापास व्हा असं ही मार्गदर्शिका सुचवत नाही. बॅकलॉगची फी वाढलेली आहे. मुद्दा वेगळा आहे. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात सायन्सच्या पोरावर बारा तास कुणी ना कुणी लक्ष ठेवून असतं : क्लास, मेसवाली काकू, घरून रोज रात्री येणारा फोन, दर रविवारची टेस्ट. आर्टवाल्यावर कुणाचंच लक्ष नसतं. तुमच्याकडून कुणाला काहीच अपेक्षा नाही, यासारखी सोय या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तीन वर्षं कुणीही न विचारता काय वाटेल ते वाचता येतं. दीडच्या गाडीपर्यंत.

मुलींसाठी

घरच्यांच्या लेखी कॉलेज पाच तासांचं. त्यात गाडीची वाट बघण्याचा तास-दीड तास धरलेला असतो, आणि तेवढाच वेळ असा असतो की ज्यात स्वयंपाक, भावाचा डबा, शेतातलं खुरपण यांपैकी काहीच मागं नसतं. म्हणून स्टँडवर गाडी उशिरा आली तर मुली चिडत नाहीत, हे लक्षात आलं असेल.

तुळशीचं लग्न झालं की वर्गातल्या काही जागा रिकाम्या होतात. कुणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं. सूचना अशी : बघायला येणार असं कळलं की त्याच आठवड्यात परीक्षा अर्ज भरून टाकावा. भरलेली फी वाया जाऊ नये, हे कारण सासरीही चालतं. दुसरी सूचना : पदवी हातात येईपर्यंत नाव बदलायची घाई करू नये. बारावीचा मेमो एका नावाचा, पदवी दुसऱ्या नावाची, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं, मग राजपत्र काढत फिरावं लागतं, आणि त्या फिरण्याला बरोबर यायला घरात कुणी मोकळं नसतं. अंगावर हिरवा चुडा असताना पेपरला येणाऱ्या मुलीला बघून कुणी हसलं तर मागच्या बाकावरून उठून त्याला समजवावं. कसं समजवायचं ते या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

परीक्षा

मार्क कसे पाडायचे याचा पॅटर्न लातूरचा, आणि कसे पाडायचे नाहीत याचा नांदेडचा. 2010 च्या आसपास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम काढली, तिलाही पुढं पॅटर्न म्हणायला लागले. तेव्हापासून झेरॉक्सवाले अक्षर बारीक करून द्यायच्या आधी इकडं तिकडं बघतात. भरारी पथक आलं की वर्गात एकदम वारा सुटल्यासारखा होतो आणि खिडकीखालच्या गवतात कागद पडतात. तुम्ही त्यात नसावं. नीतीसाठी नाही म्हटलं तरी चालेल. बारीक चिठ्ठीतून उत्तर शोधायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते मनानं लिहून होतं.

मोठ्या प्रश्नाचं उत्तर प्रस्तावनेनं सुरू करावं आणि समारोपानं संपवावं, मध्ये मुद्दे. मुद्द्यांना नंबर द्यावेत. काही आठवलं नाही तर प्रस्तावना पुन्हा एकदा लिहावी, शब्द बदलून. पुरवणी बांधताना दोरा घट्ट ओढू नये.

निकाल लागला की पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करावा. नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात चकरा माराव्या लागू नयेत म्हणून कार्यालयातल्या सरांना आधीच विचारून घ्यावं. प्रमाणपत्र मिळालं की घरचे म्हणतील, लॅमिनेशन करून भिंतीला लावू. करू देऊ नये. कागदपत्र पडताळणीच्या वेळी मागच्या बाजूला शिक्का मारायचा झाला तर लॅमिनेशनवर शाई धरत नाही. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवावं, आणि डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नयेत.